फाटकाबाहेर उभी होते

त्या मे महिन्यात मी पाड्यापाड्यांतून एकच प्रश्न विचारत हिंडत होते. "तुमच्या शेजारपाजारच्या माणसांवर तुमचा किती विश्वास आहे?"

प्रश्न माझा नव्हता. शहरातल्या एका संस्थेचा अभ्यास चालला होता. महामारी येऊन गेल्यावर गावांतल्या माणसांचं एकमेकांशी असलेलं नातं बदललं का, बदललं तर कसं, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. जव्हार-मोखाड्याची बोली समजणारं आणि डोंगर चढायची तयारी असलेलं कुणीतरी त्यांना हवं होतं. मी जव्हारची. नोकरी मात्र सूर्यमाळच्या बाजूला, एका लहानशा पाड्यावरच्या दोन खोल्यांच्या शाळेत. सुट्टी होतीच, म्हणून हो म्हटलं.

अभ्यासाच्या मॅडमनी आम्हाला जव्हारला दोन दिवस शिकवलं. विश्वास शून्य ते पाचात मोजायचा होता. लोकांना आकडा सांगणं जड जाईल म्हणून मी पाच चिंचोके बरोबर घेतले. विश्वास असेल तेवढे पुढे सरकवायचे, नसेल तर एकही नाही. मला वाटलं, मोठी युक्ती केली आपण.

पहिलाच दिवस पोशेऱ्याला होता. ओटीवर बसलेल्या एका आजोबांनी चिंचोक्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"विश्वास म्हंजी काय गं बाय? साप चावला तर कोण धावत येल, तसं का?"

"हो, तसंच काहीसं."

"मंग सरळ तसं इचार ना."

त्या दिवसापासून मी तसंच विचारायला लागले. साप चावला तर कुणाला हाक माराल? तान्हं पोर कुणाच्या घरी ठेवून रानात जाल? आजारी पडलात तर पाणी कोण भरून देईल? आणि मग लोक बोलायला लागले. छापील अर्ज मी नंतर घरी बसून भरायची. लोक सांगायचे ते खूप, आणि अर्जातल्या चौकोनात मावायचं ते थोडंच.

वीस-बावीस दिवसांत माझ्या वाट्याचे सगळे पाडे झाले. राहिला तो माझ्या शाळेचा पाडा. सगळ्यात ओळखीचा, म्हणून शेवटी ठेवलाय, असं मी मॅडमना सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. तिथं जाऊन हे प्रश्न विचारायला मला भीती वाटत होती. त्याचं कारण सांगायचं तर टाळेबंदीच्या वर्षात मागं जावं लागेल.

त्या वर्षी मी सूर्यमाळला खोली घेऊन राहत होते. सगळं बंद झालं तेव्हा तिथंच अडकले. शाळा बंद झाली आणि वरून आदेश आला की बाहेरून येणाऱ्यांना चौदा दिवस शाळेत ठेवायचं. शाळेची किल्ली माझ्याकडे, नोंदवहीही माझ्याकडे. वीटभट्टीवर गेलेली माणसं भिवंडीकडून, वसईकडून चालत परत येत होती. पायांना फोड, डोक्यावर बोचकी. पाड्याच्या तोंडाशी करवंदीच्या काट्यांचा अडसर घातला होता. तो घालण्यात पुढे होता पाड्यातला एक कर्ता माणूस. वाईट माणूस नव्हता तो. त्याची आई दम्यानं अंथरुणाला खिळलेली होती, आणि हा रोग म्हाताऱ्यांना नेतो एवढंच त्यानं ऐकलं होतं.

एक जोडपं असंच भट्टीवरून परत आलं. दोघांची पन्नाशी उलटलेली. त्यांची मुलगी पोशेऱ्याला दिलेली, इथं घरी दुसरं कुणी नव्हतं. नवऱ्याला छातीचा जुना त्रास होता, खोकत होता. तो खोकला ऐकून अडसरापलीकडची माणसं चार पावलं मागं सरली. मी दोघांची नावं वहीत लिहिली, शाळेचं कुलूप काढलं आणि बाजूला झाले. बायको आत जाताना म्हणाली, "बाई, घर तर तिथं दिसतंय माझं." शाळेच्या फाटकातून तिच्या घराचं कौल खरंच दिसत होतं.

मी रोज सकाळी जायची. तांदूळ-डाळ फाटकावरून आत द्यायची, ताप विचारायची, वहीत लिहायची. ती शाळेच्या मागं तीन दगडांची चूल मांडून रांधायची. पाड्यातलं कुणी तिकडे फिरकत नव्हतं. फक्त एक गोष्ट रोज घडायची. उजाडायच्या आत कुणीतरी पाण्याचा एक भरलेला हंडा फाटकाशी ठेवून जायचं. उन्हाळ्यात त्या डोंगरावर एक हंडा पाणी म्हणजे झऱ्यापर्यंतची अर्ध्या तासाची चढउतार. कोण ठेवतं, हे मी विचारलं नाही. विचारलं तर बंद होईल असं वाटायचं.

नवव्या दिवशी मी गेले तेव्हा ती पायरीवर बसली होती. "गेले ते," म्हणाली. "पहाटेपासून हाका मारते. कुणी आलं नाय."

मी फोन केले. दुपारी आरोग्य खात्याची गाडी आली, तिच्याबरोबर दोन माणसं. पोशेऱ्याहून जावई आडवाटेनं मोटारसायकल घालून आला. आमच्या भागात कुणी गेलं की घरटी एक लाकूड येतं, कुणाला सांगावं लागत नाही. त्या दिवशी एकही आलं नाही. दारं बंद होती. जावयानं सासऱ्याच्याच पडवीतली पावसाळ्यासाठी रचलेली लाकडं उपसली. खांद्याला चार माणसं हवी होती आणि होती तीन. गाडीबरोबर आलेले ते दोघे आणि जावई. चौथा खांदा गेलेल्याच्या बायकोनं दिला.

मी फाटकाबाहेर उभी होते. हातात वही होती. ते माझ्यासमोरून गेले आणि मी अंतर राखायला दोन पावलं मागं सरले.

चार दिवसांनी तपासणीचा कागद आला. त्याला तो रोग नव्हताच.

पुढे सगळं सुरू झालं. शाळा उघडली, एसटी सुरू झाली, लोक पुन्हा भट्टीवर गेले आणि परत आले. पण त्या बाईनं नवऱ्याचं कार्य केलं नाही. दिवस घालायचे म्हणजे भाऊबंदांना बोलवायचं, जेवू घालायचं, तेव्हा गेलेल्याची पाठवणी पुरी होते. तिनं कुणाला बोलावलं नाही आणि कुणी तिला विचारलंही नाही. ती एकटी शेत करायची, एकटी झऱ्यावर जायची. शाळेकडे तर ती पुन्हा फिरकलीच नव्हती. मी तिला मावशी म्हणायची. वाटेत भेटली की "बरी आहेस का मावशी?" "बरी हाय बाई." एवढंच. त्यापलीकडे काही बोलायला दोन वर्षांत मला धीर झाला नव्हता.

आणि आता मी तिच्याच ओटीवर चिंचोके घेऊन बसले होते.

सुरुवातीला आम्ही प्रत्येकाला सांगायचो, तुम्ही जे सांगाल ते तुमच्या नावानं या घराबाहेर जाणार नाही. तिलाही सांगितलं. मग प्रश्न विचारला. तिनं पाचही चिंचोके गोळा करून माझ्या पदरात टाकले.

"एक पण नाय," ती म्हणाली.

मग हळूहळू बोलायला लागली. त्या पहाटेचं सगळं सांगितलं. कुणाकुणाला हाका मारल्या, कुठल्या घरातून दिव्याचा उजेड दिसत होता तरी दार उघडलं नाही. मी लिहीत होते. शेवटी माझ्यानं राहवलं नाही.

"मावशी, मीही होते ना तिथं."

"तुमी फाटकाबाहेर व्हता," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमची नोकरी व्हती. तुमाला काय बोलायचं."

मला तेव्हाच काहीतरी म्हणायला हवं होतं. मी खाली मान घालून पुढचा प्रश्न वाचला. कार्याबद्दल विचारलं तर ती म्हणाली, "एकानं जरी येऊन म्हटलं असतं ना, वैनी, दादाचं कार्य कधी धरायचं, तर मी केलं असतं. मी वाट बघत व्हते. अजून बघते." ती डोळे पुसायला आत गेली आणि कोऱ्या चहाची कपबशी घेऊनच बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारच्या घरी गेले. तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, साठीकडे झुकलेला, अबोल माणूस. दोन्ही घरांची भिंत एकमेकींना लागून. पाड्यात सगळे म्हणायचे की त्याचं वहिनीशी बिनसलंय, कारण झऱ्यावर जायची वाट तिच्या अंगणातून असूनही तो लांबचा वळसा घालून जायचा. त्यालाही मी वचन दिलं, घराबाहेर जाणार नाही. आणि तो म्हणाला, "तिला कार्याचं कोन्या तोंडानं इचारू? ती मला दारात उभं करायची नाय."

पुढच्या तीन घरांत तेच ऐकलं. वेगवेगळ्या शब्दांत तेच. ती आम्हाला उभं करणार नाही. आणि ती, भिंतीच्या पलीकडे, वाट बघतेय.

मी मॅडमना फोन केला. म्हटलं, मी फक्त एक वाक्य इकडचं तिकडे सांगितलं तर दोन वर्षांचा अबोला सुटेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "ते तुझं नाही, त्यांचं आहे. तू वचन दिलंयस. आज चांगल्यासाठी मोडलंस तरी मोडलंसच. उद्या कुणी कुणाला काही सांगणार नाही."

मला त्यांचा राग आला. मग दोन दिवसांनी कळलं की राग त्यांचा नव्हता, माझा मलाच आला होता. लोकांनी सांगितलेलं मी सांगू शकत नव्हते, हे खरं. पण एक गोष्ट माझी स्वतःची होती आणि तीही मी कुणाला सांगितली नव्हती.

काम संपलं की प्रत्येक पाड्यावर लोकांना बोलावून, कुणाचं नाव न घेता, काय ऐकलं ते थोडक्यात सांगायचं असं ठरलेलं होतं. आमच्या पाड्याची बैठक शाळेच्या पडवीत झाली. भट्टीवरची माणसं परत आली होती, त्यामुळे पडवी भरली. चुलतभाऊ खांबाला टेकून बसला होता, त्याची सून पोराला घेऊन मागं. मावशी येईल असं वाटलं नव्हतं. ती आली, पण आत नाही. फाटकाबाहेर, करंजाच्या सावलीत उभी राहिली.

मी कागद वाचायला लागले. भीतीमुळे लोक एकमेकांपासून दूर गेले, वगैरे. कुणी तंबाखू मळत होतं, कुणी पोराला गप्प करत होतं. आपण दुसऱ्याच कुठल्यातरी गावाबद्दल वाचतोय असं मला वाटलं. मी कागद खाली ठेवला.

"हे राहू द्या," मी म्हटलं. "मी माझं सांगते. त्या वर्षी या शाळेत एक माणूस गेला. किल्ली माझ्याकडे होती. आत यायला मला कुणी अडवलं नव्हतं. मावशी एकटी होती आणि मी त्या फाटकाबाहेर वही धरून उभी राहिले. खांद्याला माणूस कमी पडत होतं तेव्हाही मी पुढे झाले नाही. मागं सरले. मला नोकरीनं अडवलं नव्हतं. मी भ्याले होते. मावशी, मला माफ कर, असं मी तेव्हा म्हणायला हवं होतं. दोन वर्षं उशीर झाला."

मुलांना पाढे म्हणायला लावते त्याच पडवीत मी सगळ्यांसमोर रडत होते. तंबाखू मळणारे हात थांबले होते.

मग चुलतभाऊ खांबाचा आधार घेऊन उठला.

"बाईंचं सोडा," तो म्हणाला. "बाई बाहेरच्या. माझी भिंतीला भिंत. वैनीची हाक मला ऐकू आली व्हती. पहिली हाक ऐकली, दुसरी ऐकली. दुपारी लाकूड हातात घेऊन दारापर्यंत गेलो. मागं वळून बघितलं तर पाळण्यात नातू. तिथूनच फिरलो."

फाटकाबाहेरून मावशीचा आवाज आला. "मंग माझ्या अंगणातून का जात नाय? मला वाटलं, तुला माझा विटाळ वाटतो."

"विटाळ नाय गं वैनी." तो जमिनीकडे बघत होता. "लाज वाटते."

आणखी दोघं-तिघं बोलले. एकीनं सांगितलं, दिवा विझवून बसले होते. कुणी स्वतःची बाजू मांडली नाही, याचं मला आजही नवल वाटतं. अडसर घालणारा तो माणूस मात्र मधेच उठून निघून गेला. त्याची आई त्याच पावसाळ्यात गेली होती, दम्यानंच. पाठ करून उतरणीला लागलेला तो अजून डोळ्यांसमोर आहे.

सगळ्यांना वाटलं, आता मावशी आत येईल. ती आली नाही. मग तिनं मागं बसलेल्या चुलतदिराच्या सुनेकडे बोट केलं.

"पोरी, ते पानी तू ठेवत व्हतीस. तुझ्या हंड्याला पोचा हाय. मी पहिल्याच दिवशी वळखला."

सुनेनं पदर तोंडाला लावला. सासरा तिच्याकडे बघतच राहिला. त्याला माहीत नव्हतं.

"तेवढ्यासाठी ह्या पाड्यात राहिले," मावशी म्हणाली. "नायतर पोरीकडे जानार व्हते." आणि ती घरी निघून गेली.

मी अर्ज पाठवले आणि मॅडमना जे घडलं ते जसंच्या तसं लिहून कळवलं. माझ्या बोलण्यामुळे पाड्यातली गोष्टच बदलली, तेव्हा इथले अर्ज बाकीच्यांत धरायचे की नाही ते तुम्ही ठरवा, असंही लिहिलं. त्यांनी ते बाजूला ठेवले. अभ्यासाच्या नियमानं ते बरोबरच होतं. फोनवर मात्र त्यांनी अर्धा तास तेवढंच विचारलं. ती आत आली का? नंतर काय झालं?

नंतर लगेच काहीच झालं नाही. शाळा सुरू झाली. आवणाच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत चुलतदीर न सांगता बैल घेऊन तिच्या खाचरात उतरला आणि चिखलणी करून दिली. ती बांधावर आली, बघितलं, परत गेली. थोड्या वेळानं बांधावर चहाची किटली आणि दोन पेले ठेवलेले होते. हे मला सुनेनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी भाताच्या लावणीला चार बायका आल्या. तिसऱ्या दिवशी ती त्यांच्या लावणीला गेली. झऱ्यावरची वाट कधी बदलली ते मी पाहिलं नाही, पण दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा तिचा दीर सरळ अंगणातूनच पलीकडे जाताना दिसला.

भात झोडून झाल्यावर एका दुपारी मावशी शाळेत आली. फाटक ढकलून आत, पडवीत, आणि पडवीतून वर्गाच्या दारापर्यंत. तिथं क्षणभर थांबली. खोलीभर नजर फिरवली. त्या खोलीत आता दुसरीची मुलं फळ्यावरून शब्द उतरवत होती.

"दिवस धरलाय," ती म्हणाली. "दिरानं येऊन इचारलं. तुमी यायचं बाई. वाढायला."

"जेवायला नाही?"

"आदी वाढायचं. मंग जेवायचं." आणि हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच बघत होते.

कार्याच्या दिवशी घराघरांतून काही ना काही आलं. नव्या भाताचे तांदूळ, उडीद, नागलीचं पीठ, कुणाचा भोपळा. पोशेऱ्याहून लेक-जावई आले. भगतानं सकाळी त्यांच्या रीतीप्रमाणे जे करायचं ते केलं. गेलेल्याचं नाव घेऊन प्रत्येकानं पाणी सोडलं आणि ज्यांनी त्या दिवशी दार उघडलं नव्हतं ते ओळीनं पुढे येत गेले. चुलतदीर सगळ्यात शेवटी गेला. त्याला उठवायला दोघांनी हात दिला.

मग अंगणात पंगती बसल्या. भात, उडदाची आमटी, नागलीच्या भाकऱ्या, खुरासणीची चटणी. मी वाढत होते आणि मावशी चुलीपाशी उभी राहून सगळ्यांना हुकूम सोडत होती. "त्याला अजून घाल. तो लाजतो. बाई, आमटी खालून ढवळा."

एका घरातलं कुणी आलं नव्हतं. अडसर घालणाऱ्याच्या. मावशीच्या ते लक्षात असणारच. दुसरी पंगत उठल्यावर तिनं एका पितळी टोपात भात काढला, वर आमटी घातली, चार भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"तेंच्या घरी द्या."

"तूच ये ना, मावशी."

"आज नाय. आज तुमी जा."

मी गेले. तो ओटीवर दोरी वळत बसला होता. मला बघून उठला आणि आत निघून गेला. त्याची बायको बाहेर आली. मी टोप पुढे केला. म्हटलं, "मावशीनं पाठवलंय." तिनं दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि आत गेली. मी उभी राहिले. आतून दोघांचं हलक्या आवाजातलं बोलणं येत होतं, शब्द कळत नव्हते. बराच वेळ लागला. बाहेर आला तो तो स्वतः. टोप घासून-पुसून स्वच्छ केला होता आणि त्यात ओंजळभर वरईचे तांदूळ होते.

"रिकामं भांडं कसं पाठवायचं," तो म्हणाला. मग विचारलं, "अजून बसलीत का मानसं जेवायला?"

"शेवटची पंगत आहे," मी म्हटलं. "मावशी आणि मी अजून जेवायच्या आहोत."

त्यानं खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि बायकोला हाक मारली.